घरबसल्या ऑनलाईन डिग्री आपल्याला झेपेल का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि गणपतीपर्यंत थांबत नाहीत. फॉर्म भरून द्यायच्या निमित्ताने लोक माझ्याकडे येतात, पण फॉर्म बाजूला राहतो आणि "करू की नको" हेच बोलणं तासभर चालतं. तेच प्रश्न इथे लिहिलेत, शक्यतो लोकांच्याच शब्दांत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑनलाईन डिग्री, करस्पाँडन्स आणि एक्स्टर्नल हे सगळं एकच ना?

नाही. आपल्याकडे तिन्हीला सरसकट "एक्स्टर्नल" म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

एक्स्टर्नल म्हणजे कॉलेजात न जाता विद्यापीठाची परीक्षा बाहेरून देणं. शिकवणं, पुस्तकं, स्वाध्याय यातलं काहीच विद्यापीठाकडून नाही. मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं बी.ए. असंच झालं. दूरशिक्षणात विद्यापीठ पुस्तकं देतं, स्वाध्याय लिहून घेतं, अभ्यासकेंद्र नेमून देतं आणि परीक्षा केंद्रावर कागद-पेनाने होते. ऑनलाईन डिग्रीत व्याख्यानं, वाचनसाहित्य, चाचण्या, शंकासमाधान सगळं इंटरनेटवर आणि परीक्षाही देखरेखीखाली संगणकावर.

इग्नूसारखं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एकच विद्यापीठ दूरशिक्षण आणि ऑनलाईन असे दोन्ही प्रकार चालवतं. फॉर्म भरताना आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते बघा.

२. ही डिग्री नोकरीला चालते का? की नुसता कागद?

मान्यताप्राप्त विद्यापीठाची असेल तर चालते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे विनियम आहेत आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने वेगळं पत्रक काढून स्पष्ट केलं की मान्य संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाईन पदवी ही कॉलेजात जाऊन मिळवलेल्या त्याच पदवीच्या बरोबरीची धरायची. कुठलीही पदवी चालणाऱ्या सरकारी भरतीत, बँकेच्या परीक्षेत किंवा पुढे एम.ए.ला तुम्हाला अडवायचं कारण नाही.

खासगीत मात्र प्रत्येक कंपनीची आपली अट. काही मोठ्या आयटी कंपन्या नव्या मुलांच्या भरतीत "सगळं शिक्षण पूर्णवेळ" असं सरळ लिहितात. तुमचं लक्ष्य तीच नोकरी असेल तर तिथे यूजीसीचं पत्रक दाखवून उपयोग नाही. त्या कंपनीची जुनी जाहिरात शोधून आधी वाचा.

३. विद्यापीठ खरं की बोगस, घरी बसून कसं ओळखायचं?

यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी असते. तिथे चार गोष्टी जुळवा: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, प्रकार (दूरशिक्षण की ऑनलाईन) आणि प्रवेशाचं सत्र. चारही जुळल्या तरच पुढे. बी.कॉम.ला मान्यता आहे म्हणून त्याच विद्यापीठाच्या बी.सी.ए.ला असेलच असं नाही. नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, ए प्लस श्रेणी ही वेगळी गोष्ट, ती या मान्यतेच्या जागी चालत नाही. जाहिरातीत मात्र तीच मोठ्या अक्षरात असते.

सत्र का बघायचं, हे आपल्या राज्याने चांगलंच भोगलं आहे. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ पासूनचं, सरकारी. पण २०१५ मध्ये यूजीसीने जाहीर केलं की २०१२-१३ च्या पुढे त्याला मान्यता नाही. २०१८-१९ पासून ती परत मिळाली. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्या पोरांच्या हातात मार्क्सकार्डं होती आणि नोकरीच्या दारात अडचण. आता तिथे प्रवेश घेण्यात वावगं काही नाही. पण "सरकारी आहे म्हणजे झालं" हे गृहीत धरू नका. ज्या सत्रात पैसे भरणार त्या सत्राची यादी त्याच आठवड्यात उघडा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

४. आठवड्याला किती तास लागतात? जाहिरातीत तर "रोज अर्धा तास" म्हणतात.

जाहिरात राहू द्या, हिशोब करू. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, यात वाचन, व्याख्यानं, स्वाध्याय सगळं आलं. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांचे १५६ आठवडे धरले तर आठवड्याला २३ तास, आणि यात दिवाळी, जत्रा, घरातलं लग्न, आजारपण यांची सुट्टी धरलेली नाही.

आता उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा येळ्ळूरचा तरुण घ्या. आठ तासांची शिफ्ट, जाण्या-येण्यात तास, वर ओव्हरटाईम. रोज रात्री दीड तास बसला तर सहा दिवसांचे नऊ. सुट्टीच्या दिवशी पाच. झाले चौदा. शिफ्ट बदलते त्या आठवड्यात तेवढेही होत नाहीत, कारण नाईट करून आलेला माणूस सकाळी अकाउंटन्सी वाचत नाही, झोपतो. म्हणजे तीन वर्षांत हे बसत नाही.

म्हणून त्याने सोडून द्यावं का? नाही. इग्नूत तीन वर्षांच्या बी.ए.ला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. सहा वर्षांवर पसरलं तर आठवड्याला साडेअकरा-बारा तास येतात आणि ते चौदात बसतात. दर परीक्षेला झेपतील तेवढेच पेपर भरायचे. फसतात कोण, तर पहिल्या वर्षी सगळे पेपर भरून टाकणारे. दोन-तीन राहतात, पुढच्या वर्षीचे त्यावर चढतात आणि मग पुस्तकांचं बंडल माळ्यावर जातं.

तुमचा स्वतःचा आठवडा कागदावर मांडा. बारा तासही निघत नसतील तर यंदा प्रवेश घेऊ नका, एवढं सरळ सांगतो.

५. पण मला हे जमेल की नाही, हे फी भरायच्या आधी कसं कळणार?

हा खरा प्रश्न आहे, आणि विचारणारे सगळ्यात कमी. हुशारीचा इथे फारसा संबंध येत नाही. पीयूसीला ऐंशी टक्के पाडलेली मुलं यात अडकलेली पाहिलीत आणि एसएसएलसीला (दहावीला) काठावर पास झालेली बाई डिग्री घेऊन गेलेली पाहिली आहे. फरक एकाच ठिकाणी पडतो: कोणी विचारणारं नसताना तुम्ही पुस्तक उघडता का? कॉलेजात घंटा होते, हजेरी होते, शेजारचा वही मागतो. इथे यातलं काहीच नाही. नापास होईपर्यंत तुमचं काय चाललंय ते कोणाला कळतही नाही.

चाचणी फुकटात घेता येते. इग्नूची पुस्तकं 'ई-ज्ञानकोश'वर सगळ्यांना खुली आहेत आणि स्वाध्यायाचे प्रश्नही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. तुम्हाला घ्यायच्या विषयाचं एक पुस्तक उतरवून घ्या. त्यातला एक खंड वाचा आणि त्यावरच्या दोन स्वाध्याय प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत, हाताने, पानांवर लिहा. मुदत चार आठवडे. तारीख आजच भिंतीवर लिहा आणि घरात कोणालाही आठवण करून द्यायला सांगू नका. आठवण लागली तर चाचणी फसलीच म्हणायची.

चार आठवड्यांनी तीनपैकी एक काहीतरी झालेलं असेल. दोन्ही उत्तरं लिहून झाली, भले अक्षर आणि इंग्रजी कसंही असो, तर बेलाशक प्रवेश घ्या. वाचून झालं पण लिहिणं राहिलं, तर पहिल्या परीक्षेला एक-दोन पेपरच भरा. तारीख उलटून गेली आणि पुस्तक पाचव्या पानाच्या पुढे गेलंच नाही, तर तुम्हाला वर्ग लागतो. यात कमीपणा काही नाही. संध्याकाळचं कॉलेज बघा, नाहीतर रेग्युलर.

पडद्यावरच शिकायचं असेल तर 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचा एखादा मोफत अभ्यासक्रम घ्या. नाव नोंदवायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. मद्रास आयआयटीच्या डेटा सायन्सच्या ऑनलाईन पदवीत तर ही चाळणी प्रवेशातच घातली आहे: जेईई नाही, पण आधी चार आठवडे अभ्यास आणि स्वाध्याय करायचे, मग पात्रता परीक्षा, ती पास झालात तरच पुढे. सगळ्यांनीच असं करायला हवं होतं.

६. मुलगी आत्ताच पीयूसी झाली. आम्ही जांबोटीकडचे, कॉलेज लांब पडतं. ऑनलाईनलाच घातलेली बरी ना?

बहुतेक वेळा माझं उत्तर नाही असंच असतं, आणि त्यावरून पालक नाराजही होतात.

खर्चाचं कारण असेल तर जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. खानापूर किंवा बेळगावच्या सरकारी कॉलेजची फी आणि एखाद्या खासगी विद्यापीठाच्या ऑनलाईन बी.सी.ए.ची लाख-दीड लाखाची फी शेजारी ठेवून बघा. बस चुकते, पावसात उशीर होतो, हे खरंच. पण अठराव्या वर्षी कॉलेज म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. ग्रंथालय, मैत्रिणी, चार लोकांसमोर बोलायची सवय, एनएसएस हे सगळं त्यात येतं.

दुसरं, घरी असलेली मुलगी ही घरातल्यांच्या लेखी मोकळी असते. भात लावणी आली, पाहुणे आले, आजीला दवाखान्यात न्यायचं, हाक तिलाच. "ती काय, ऑनलाईनच तर करते." तेवीस तास (प्रश्न ४) तिला कोण देणार? तुम्ही देणार असाल, आणि कॉलेजला पाठवणं खरंच शक्य नसेल, तर ऑनलाईन जरूर करा. शिक्षण थांबण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण लांब पडतं हे एवढंच कारण असेल तर आधी बसचं वेळापत्रक बघा, ऑनलाईनचा फॉर्म नंतर.

७. माझं शिक्षण सुटून बरीच वर्षं झाली, मुलं लहान आहेत. आता कुठलं जमतंय हो?

ताई, अशा शिक्षणाचा खरा फायदा तुमच्यासारख्यांनाच होतो. मधल्या खंडाचा अडथळा नाही, वयाची अट नाही. कशासाठी करतोय हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तुम्ही कारणंही कमी सांगता.

घरात एक गोष्ट आधी ठरवून घ्या: रोजची एक ठरलेली वेळ, जी कोणी मोडायची नाही. "सगळं आवरून झालं की बसेन" असं म्हटलं तर आवरणं कधीच संपत नाही. शहापूर-वडगावात मागावर काम करणाऱ्या बायका पहाटे माग सुरू व्हायच्या आत तासभर काढतात, कारण नंतरच्या आवाजात वाचणं शक्यच नाही. आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना कोण सांभाळणार ते फॉर्म भरतानाच विचारून ठेवा. जून आणि डिसेंबर हे इग्नूचे परीक्षेचे महिने. एक शाळा सुरू व्हायचा, दुसरा लग्नसराईचा.

८. आमचं शाळेचं शिक्षण मराठीतून. डिग्री मराठीतून करता येते का?

येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठी माध्यमातून शिकवतं आणि त्याची पुस्तकं वाचायला सोपी आहेत. अडचण हद्दीची आहे. राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची अभ्यासकेंद्रं आपल्या राज्याबाहेर काढता येत नाहीत. त्यामुळे केंद्र आणि परीक्षेसाठी कोल्हापूरच्या बाजूला जावं लागेल. निपाणीकराला कागल-कोल्हापूर अंगणात, खानापूरकराला तोच दिवसभराचा प्रवास. बेळगावात "आमचं नाशिक मुक्तचं सेंटर आहे" असं कोणी म्हणालं तर प्रश्न ११ वाचा. ऑनलाईन प्रकाराला अशी राज्याची हद्द लागू होत नाही, पण तिथे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीतून.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर पाचव्या प्रश्नातली चाचणी इंग्रजी पुस्तकावर करा. पानाला पाच-सहा शब्द अडले तर महिन्या-दोन महिन्यांत सुटतात. प्रत्येक ओळ अडत असेल तर मराठी माध्यमच घ्या, प्रवास परवडला.

९. मग इग्नू, म्हैसूरचं, नाशिकचं, शिवाजीचं की एखादं खासगी?

हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा आधीच ठरवून आलेला असतो. तरी सांगतो.

नोकरी करत करत, कमी पैशात, सावकाश करायचं असेल तर इग्नू. १९८५ च्या संसदेच्या कायद्याने झालेलं केंद्रीय विद्यापीठ, बदली होऊन कुठेही गेलात तरी चालतं. कर्नाटकात त्याची प्रादेशिक केंद्रं बंगळूर आणि विजयपूरला आहेत. मूल्यमापनात स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्राअखेरच्या परीक्षेला ७० टक्के वजन. दोन गोष्टींत लोक पडतात: स्वाध्याय हाताने लिहून मुदतीत द्यायचे असतात आणि दरवर्षी पुनर्नोंदणी स्वतःहून करायची असते. कोणी फोन करत नाही. शिवाय प्रत्येक पेपरची परीक्षा फी वेगळी पडते, ती बजेटमध्ये धरा.

कन्नड चांगलं असेल आणि इथेच राज्य सरकारची नोकरी बघायची असेल तर म्हैसूरचं मुक्त विद्यापीठ सोयीचं, प्रश्न ३ मधली यादी तपासून. मराठीसाठी नाशिक. कोल्हापूरला येणं-जाणं असलेल्यांनी शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही बघावं. खासगी विद्यापीठांचं ऑनलाईन रूप देखणं असतं, ॲप चांगलं, फोनवर माणूस गोड बोलतो. पण ते फीच्या किमतीचं आहे का, हे हप्त्यांचं कर्ज काढण्याआधी ठरवा. शिक्षण सोडलं तरी कर्जाचे हप्ते सुटत नाहीत.

१०. आमच्याकडे पावसात लाईट आणि रेंज दोन्ही जातात. ऑनलाईन परीक्षा कशी देणार?

कणकुंबी, चोर्ला, लोंढ्याकडचे हे विचारतात आणि बरोबरच विचारतात. आषाढात हेस्कॉमची लाईट गेली की टॉवरची बॅटरी किती टिकेल तेवढीच रेंज.

व्याख्यानांचं काही अडत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलात की उतरवून घेता येतात. परीक्षेचं मात्र अडतं. देखरेखीच्या परीक्षेत कॅमेरा सतत चालू लागतो, खोलीत दुसरं कोणी चालत नाही आणि नुसत्या मोबाईलवर भागेलच असं नाही. म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठाला लेखी विचारा: परीक्षा घरून की केंद्रावर, केंद्र जवळात जवळ कुठे, मध्येच जोडणी तुटली तर काय? उत्तर गुळमुळीत आलं तर तुमच्या गावासाठी कागद-पेनाच्या परीक्षेचं दूरशिक्षणच बरं.

११. एजंट म्हणतो, "तुम्ही फक्त पैसे भरा, परीक्षेचं आम्ही बघतो."

उठून या. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझी चालत नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) दोघांनीही याबद्दल जाहीर इशारा दिला होता. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यावर, पावती विद्यापीठाच्या नावाची. मूळ मार्क्सकार्ड कोणाच्याही ताब्यात देऊ नका. एका संगणक क्लासवाल्याकडून स्वतःचंच मार्क्सकार्ड सोडवून आणायला एका मुलाबरोबर मला जावं लागलं होतं. क्लासवाला "राहिलेली फी" मागत होता, आणि विद्यापीठात त्या मुलाचं नावच नोंदलेलं नव्हतं.

१२. डीईबी आयडी काढताना नाव जुळत नाही असं येतं. काय करू?

दूरशिक्षण आणि ऑनलाईन प्रवेशाला आता डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. तो ॲकॅडमिक बँकेच्या (जिथे तुमचे क्रेडिट जमा होतात), म्हणजे एबीसी आयडीवरून निघतो आणि एबीसी आयडी आधारवरून. इथे सीमाभागातले अर्धे लोक अडकतात. मार्क्सकार्डावर वडिलांच्या आणि गावाच्या नावाची आद्याक्षरं, आधारवर मराठी पद्धतीने नाव-वडील-आडनाव. आधार केंद्रावरच्या ऑपरेटरने इंग्रजीत लिहिताना जाधवच्या 'ध'चा 'द' केलेला. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचं नाव, ते वेगळंच.

एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावरचं नाव मूळ धरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला गेलात तर मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळापर्यंत फेऱ्या. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि ऑपरेटरच्या पडद्यावर अक्षर-अक्षर वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. लग्नाआधीच्या नावाने शिक्षण पूर्ण करायचं की बदललेल्या, हेही आत्ताच ठरवा. शेवटच्या तारखेच्या आधी दोन महिने हे काम काढा.

१३. कुठले कोर्स ऑनलाईन होतच नाहीत?

इंजिनिअरिंग, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, शेती, हॉटेल मॅनेजमेंट, कायदा. यांची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन मिळते असं जो म्हणेल तो फसवतोय. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण-आहार हेही बंद झाले. जुन्या माहितीवर अजून कोणी सुचवत असेल तर ध्यानात ठेवा. पीएच.डी. ऑनलाईन नाही.

बी.एड. ऑनलाईन होत नाही. इग्नूचं दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्या शिक्षकांसाठी. नुसतं बी.ए. करून घरबसल्या बी.एड. हा मार्ग नाही.

१४. पीयूसी झाली नाही. मुक्त विद्यापीठातून थेट डिग्री घेतली तर पुढे एलएल.बी. करता येईल?

इथे थांबून विचार करा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत अट अशी आहे की आधीचं पायाचं शिक्षण न करता थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. दहावी, बारावी करून मग दूरशिक्षणाने बी.ए. केलं असेल तर हरकत नाही. म्हणून पुढे वकिलीचा थोडासाही विचार असेल तर आधी पीयूसी किंवा एनआयओएसची बारावी करून घ्या. एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, त्याची बारावी म्हणजे बारावीच. वर्ष-दीड वर्ष जाईल, पण पुढे दार बंद होणार नाही.

१५. आरसीयूच्या (राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या) कॉलेजात बी.कॉम. चालू आहे. सोबत ऑनलाईन दुसरी डिग्री चालते?

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने परवानगी दिली आहे: एक कॉलेजात आणि एक ऑनलाईन, किंवा दोन्ही ऑनलाईन. पीएच.डी. यात धरत नाहीत. तुमच्या विद्यापीठाने हे स्वीकारलंय का ते कॉलेजात विचारून घ्या, आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर काय ते तुम्ही बघा. तासांचा हिशोब (प्रश्न ४) इथे दुप्पट होतो. दुसरी डिग्री घेण्यापेक्षा 'स्वयम्'चा एक नेमका कोर्स नीट पुरा केलेला मला जास्त पटतो.

१६. भाऊ अग्निवीर आहे. त्याच्यासाठी वेगळं काही आहे का?

आहे. २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी इग्नूची खास तीन वर्षांची पदवी जाहीर झाली. त्यात निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात, उरलेले निम्मे अभ्यासाचे. म्हणजे चौथ्या प्रश्नातला डोंगर अर्धा होतो. चार वर्षांनी घरी परतणाऱ्याच्या हातात डिग्री असणं ही मोठी गोष्ट, तेव्हा त्याला पहिल्याच वर्षी युनिटच्या शिक्षण विभागात विचारायला सांगा.

१७. अमेरिकेचं विद्यापीठ फुकट डिग्री देतं म्हणे, ते खरं का?

'युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल' बद्दल विचारत असाल तर ती खरी संस्था आहे, २००९ ची, कॅलिफोर्नियातली. शिकवणी फी नाही, पण अर्जाची आणि प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाची फी डॉलरमध्ये असते. नऊ-नऊ आठवड्यांची सत्रं, आणि दर आठवड्याला लेखन. बराचसा अभ्यास वाचून आणि लिहून, तोही सगळा इंग्रजीत. शिस्तीची कसोटी इग्नूपेक्षाही कडक.

इथे सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण करायचं असेल तर परदेशी पदवीला समकक्षता लागते आणि ऑनलाईन पदवीच्या बाबतीत तिथेच घोडं अडतं. यूजीसीचे २०२५ चे नवे विनियम वाचून, लेखी उत्तर घेऊनच पैसे भरा. परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

१८. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतले म्हणून महाराष्ट्रात जी सवलत मिळते, ती ऑनलाईन डिग्रीने जाते का?

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीसाठी सीमाभागातल्या उमेदवाराला लागतो तो रहिवासाचा दाखला, आणि तो तुमच्या राहण्यावर मिळतो. डिग्री कुठल्या प्रकारची यावर नाही. व्यावसायिक प्रवेशातल्या सीमाभागाच्या जागांना मात्र दहावी-बारावी कुठून केली आणि मातृभाषा मराठी आहे का हे बघतात. इकडे कर्नाटकात केपीएससीला (राज्य लोकसेवा आयोगाला) कन्नडचा सक्तीचा पेपर आहे, मग डिग्री कुठलीही असो. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर डिग्रीच्या जोडीला कन्नड लिहायची तयारी ठेवा.

आणखी एक: कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे, बाहेरची काही विद्यापीठं चार वर्षांची ऑनर्स देतात. प्रवेश घेताना किती वर्षांची ते बघून घ्या.

१९. सुरू केलं आणि मध्येच सोडलं तर सगळं वाया?

पूर्ण वाया नाही. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात आणि दुसऱ्या विद्यापीठाने मान्य केले तर तिकडे वळवता येतात. मात्र अर्धवट अभ्यास केलेल्या विषयाचं काही जमा होत नाही. तेव्हा सोडायचंच झालं तर हातात असलेल्या सत्राचे दोन पेपर तरी देऊन सोडा.

फी परत मिळण्याची मुदत मात्र लवकर संपते. प्रवेश रद्द करायचा तर अर्ज ईमेलने करा, फोनवर बोलून नव्हे, आणि पोच आल्याशिवाय झालं असं समजू नका. पुस्तकं आली असतील तर ती कोणाला देऊन टाकू नका. एका वर्षाने तीच पुस्तकं उघडून पुनर्नोंदणी करणारे बरेच निघतात, आणि त्यांना नव्या प्रवेशाची फी भरावी लागत नाही, फक्त मुदत शिल्लक असावी लागते.